दोन वर्षे आणि आठ दिवस



आषाढ लागला की आमच्या नांदेडच्या श्रीसंघाकडे दोन प्रकारची पत्रे येऊ लागतात. पहिल्या प्रकारात चातुर्मासाच्या मंगलप्रवेशाची निमंत्रणे, तपस्येची अनुमोदने आणि संघपूजनाचे कार्यक्रम असतात. दुसऱ्या प्रकारची पत्रे लहान गावांतून येतात आणि त्यांचा मजकूर दरवर्षी जवळजवळ तोच असतो. आमच्याकडे यंदा साधु-साध्वींचा चातुर्मास नाही. घरे दहा-बारा आहेत. पर्युषणाच्या आठ दिवसांसाठी स्वाध्यायी बंधू पाठविण्याची कृपा करावी. पहिल्या प्रकारच्या पत्रांची उत्तरे त्याच दिवशी जातात. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांची उत्तरे रेंगाळतात आणि त्यांपैकी काही अखेर नकाराची असतात. द्रव्याची अडचण नाही, वाहनाची नाही, ग्रंथांचीही नाही. जाणारी माणसे मिळत नाहीत.

यंदा ही पत्रे हाती आली तेव्हा मला सातासमुद्रापलीकडची दोन मुले आठवली. त्यांचा आपल्या धर्माशी काही संबंध नाही. तरीही आजचा लेख त्यांच्यापासूनच सुरू करतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयता काही महिने मुलीकडे अमेरिकेत होतो. जावईबापूंची नोकरी यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या जवळ आहे. एके दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. बाहेर पांढरा सदरा, गडद पँट आणि टाय घातलेली दोन तरुण मुले उभी होती. दोघांच्या खिशावर नावाची काळी पट्टी होती. दोघांनाही धड मिसरूड फुटलेले नव्हते. आपण येशू ख्रिस्ताचा संदेश सांगण्यासाठी आलो आहोत, असे त्यांनी नम्रतेने सांगितले. मी त्यांना प्रथमच स्पष्ट केले की, आम्ही जैन आहोत, आमचा धर्म आम्हांला प्रिय आहे आणि तो बदलण्याचा आमचा विचार नाही. पण उन्हातून आला आहात, तर आत येऊन बसा. ती बसली. सौभाग्यवतींनी सवयीप्रमाणे चहाचे विचारले, तर दोघेही एकदमच म्हणाले, "आम्ही चहा घेत नाही." कॉफी? तीही नाही. सौ.ने मला मराठीत हळूच विचारले, "यांचा आज उपवास आहे का हो?"

उपवास नव्हता. त्यांच्या पंथात चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू हे सारे वर्ज्य आहे. १८३३ पासूनचा त्यांचा तो नियम आहे. दोघांनी थंड पाणी घेतले आणि आमचे संभाषण सुरू झाले. एकाचे वडील आयडाहो राज्यात बटाट्याची शेती करीत होते. हे ऐकल्यावर सौ.च्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी येथे सांगत नाही.

या पंथाला जग मॉर्मन या नावाने ओळखते. स्वतः ते लोक 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरावे असा आग्रह धरतात. जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. पुढे त्यांना बराच छळ सोसावा लागला. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात शिरून जोसेफ स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक बैलगाड्यांतून शेकडो कोस चालत पश्चिमेच्या ओसाड प्रदेशात गेले आणि १८४७ मध्ये तेथे त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसविली. लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निजामाच्या मुलखात आलेल्या पूर्वजांच्या कथा ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना या स्थलांतराचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

या समाजात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने दोन वर्षे धर्मप्रचारासाठी द्यावीत अशी अपेक्षा असते. मुलींसाठी हा काळ अठरा महिन्यांचा आहे आणि त्यांच्यावर बंधन नाही. जगभर असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आज कार्यरत आहेत आणि त्यांतील बहुसंख्य पंचविशीच्या आतले आहेत. कोणत्या देशात जायचे हे मुलगा ठरवीत नाही. तो अर्ज करतो आणि चर्चकडून आदेश येतो. आमच्या मुलीच्या शेजारी टायरचे दुकान चालविणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलाला आदेश आला त्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात सारे आप्त जमले होते, एखाद्या वाङ्‌निश्चयाला जमावेत तसे. मुलाने सर्वांसमोर आदेश वाचला आणि फिलिपिन्सचे नाव उच्चारले. आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. प्रोव्हो या गावी त्यांचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे काही आठवडे तो तिकडची भाषा शिकला आणि मग निघाला.

त्या दोन मुलांना मी त्यांची दिनचर्या विचारली. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला तपशील हवा असतो. त्यांनी सांगितलेली दिनचर्या साधारणतः अशी होती. सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी. त्यानंतर एक तास स्वतःचे धर्मग्रंथवाचन, मग सोबत्याबरोबर अध्ययन आणि परक्या मुलखात असल्यास भाषेचा अभ्यास. त्यानंतर दिवसभर पायी किंवा सायकलवर घरोघर जाणे, कोणाला मदत हवी असेल तर ती करणे. बागेतले गवत काढणे, सामान हलविणे हेही त्यांचे कामच. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याचे नियोजन आणि साडेदहाला झोप. दूरदर्शन नाही, चित्रपट नाही, मुलींबरोबर फिरणे नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरच्यांना पत्र लिहिणे यासाठी राखलेला. घरी दूरध्वनी करण्याची मुभा २०१९ पर्यंत वर्षातून केवळ दोनदा होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता ती आठवड्यातून एकदा मिळते.

दोघांनी नेहमी जोडीनेच राहायचे. सोबती निवडण्याचे स्वातंत्र्य नाही आणि काही आठवड्यांनी तो बदलतोही. आपल्या आगमांनीही साधूला एकट्याने विचरण्यापासून परावृत्त केले आहे, हे मला तेव्हा आठवले. माणसाला एकांतात जे दोष दिसत नाहीत ते सोबत्याच्या सहवासात दिसू लागतात.

खर्चाचा प्रश्न मी अर्थातच विचारला. हे प्रचारक वेतन घेत नाहीत. उलट त्यांच्या घरूनच दरमहा ठरावीक रक्कम चर्चकडे भरली जाते. अमेरिकेतील कुटुंबांसाठी २०२० पासून ती पाचशे डॉलर आहे आणि मुलगा स्वस्त देशात जावो की महागड्या, ती तेवढीच राहते. चोवीस महिन्यांचे बारा हजार डॉलर, म्हणजे आपले सुमारे दहा लाख रुपये झाले. अनेक मुले शाळेत असल्यापासून सुट्टीत काम करून यासाठी पैसे साठवितात. शेतकऱ्याच्या त्या मुलाने वडिलांच्याच शेतावर मजुरी करून निम्मी रक्कम स्वतः उभी केली होती.

शेवटी मी व्यवहारी प्रश्न विचारला, "एवढ्या दिवसांत किती माणसे तुमच्या धर्मात आली?" दुसऱ्या मुलाला प्रचारकार्यात चौदा महिने झाले होते. तो थोडा ओशाळला आणि म्हणाला, "दोन." मग जरा थांबून म्हणाला, "त्यातल्या एकाने येणे आता थांबविले आहे." शेतकऱ्याचा मुलगा हसला. तो म्हणाला की, तो घरी असताना त्याची आई त्याला चार-चार वेळा हाका मारून उठवीत असे. आता तिचा विश्वासच बसत नाही की, तो रोज साडेसहाला आपला आपण उठतो आणि तासभर वाचत बसतो.

ती दोघे गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर वीस लाख रुपये आणि दोन मुलांची चार वर्षे गुंतवून हाती आली होती दोन माणसे, आणि त्यांतलेही एक खाते बुडीत. कोणत्याही कर्जसमितीने हा प्रस्ताव फेटाळला असता. तरीही तो समाज पावणेदोनशेहून अधिक वर्षे ही गुंतवणूक करतो आहे, त्याअर्थी जमेची बाजू दुसरीकडे कोठेतरी असली पाहिजे.

या संदर्भात आपल्या महाराष्ट्राशी निगडित एक जुना प्रसंग मला नंतर वाचावयास मिळाला. १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या सभेत शंभराहून अधिक पुरुषांची नावे प्रचारकार्यासाठी पुकारली गेली. त्यांतील काहींच्या वाट्याला हिंदुस्थान आला. पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये ते कलकत्त्याला उतरले. त्याआधीच, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचे स्कॉटलंडचे प्रचारक मुंबईत पोहोचले होते. तेथून ते पुण्याला गेले. इंग्रज पाद्री विरोधात, वृत्तपत्रे विरोधात, लष्करी अधिकारीही विरोधात. अशा स्थितीत १८५३ मध्ये पुण्यात त्यांची एक लहानशी शाखा स्थापन झाली आणि तिचे सभासद होते सुमारे डझनभर. १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानातील ते सारे कार्य आटोपले आणि प्रचारक परतले. भारतात त्यांचे स्वतंत्र केंद्र बेंगळुरूला निघाले ते १९९३ मध्ये. मधली जवळजवळ एकशे चाळीस वर्षे पुण्याच्या त्या श्रमाचे दृश्य फळ शोधूनही सापडू नये. मात्र अपयश घेऊन परतलेल्या त्या माणसांनी मुलांना घरात बसविले नाही. पुढच्या पिढीची नावे पुकारली जातच राहिली.

येथे गैरसमज नसावा. त्यांची तत्त्वे आपली नाहीत. त्यांचा आहार आपला नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याला आपल्या धर्मात ओढणे हे अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या माझ्या मनाला रुचत नाही. त्यांच्या व्यवस्थेतही दोष आहेत. प्रकृतीमुळे किंवा मन न रमल्यामुळे जो मुलगा मुदतीपूर्वी परततो त्याला समाजाच्या नजरा सोसाव्या लागतात, असे टायरवाल्या शेजाऱ्यांनी मला स्वतः सांगितले. मला त्यांच्याकडून घ्यायची आहे ती एकच गोष्ट. ते आपल्या मुलाला ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर ठरावीक मुदतीचे वैराग्य देतात. मुदत संपली की तो परत येतो, शिकतो, लग्न करतो, टायरचे दुकान चालवितो. पण धर्म त्याने एकदा स्वतःच्या पायांनी चालून आणि स्वतःच्या तोंडाने बोलून पाहिलेला असतो. जे दुसऱ्याला समजावून सांगायचे ते प्रथम स्वतःला समजावे लागते. दारे बंद झाली तरी हे शिक्षण वाया जात नाही.

मुदतीचे वैराग्य ही कल्पना आपल्याला नवी आहे काय? श्रावकाच्या बारा व्रतांपैकी शेवटची चार आठवा. सामायिक, देशावकाशिक, पौषध आणि अतिथिसंविभाग. सामायिकात गृहस्थ अठ्ठेचाळीस मिनिटांपुरता साधूसारखा होतो, पौषधात एका अहोरात्रीपुरता. या चार व्रतांना आपल्या आचार्यांनी शिक्षाव्रते म्हटले आहे, आणि शिक्षा या शब्दाचा येथे अर्थ आहे अभ्यास, सराव. संसार न सोडताही त्यागाचा सराव करता यावा, ही सोय आपल्याकडे या मुलांच्या पंथाच्या कितीतरी शतके आधीपासून आहे.

धर्म दूरवर नेण्याची परंपराही आपल्याला आहे. सम्राट संप्रतीने आंध्र आणि द्रविड देशांत माणसे पाठवून साधूंच्या विहाराची वाट मोकळी केली, असे आपले ग्रंथ सांगतात. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. साध्वाचारामुळे त्यांना जहाजाने जाणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थ तरुणाची तयारी करून घेतली आणि त्यांना पाठविले. वीरचंदभाई तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. परतल्यावर समुद्रोल्लंघनाबद्दल स्वकीयांचाच रोष त्यांना पत्करावा लागला. साधू जेथे पोहोचू शकत नाहीत तेथे श्रावकाने पोहोचावे, हा धडा त्यांनी घालून दिला. आपल्या मातीचेच उदाहरण द्यायचे तर आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज चिचोंडीसारख्या खेड्यात जन्मले आणि १९१३ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी दीक्षित झाले. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षांमुळे मराठवाड्यातील किती घरांत प्रतिक्रमण मुखोद्गत झाले! राजस्थानात आचार्य हस्तीमलजी महाराजांनी आयुष्यभर सामायिक आणि स्वाध्याय या दोन शब्दांचाच घोष केला. पर्युषणात साधूंविना असलेल्या गावी दोन-तीन स्वाध्यायींनी जावे, सकाळी अंतगड सूत्राचे वाचन, दुपारी धर्मचर्चा, सायंकाळी प्रतिक्रमण करवावे, ही प्रथा अशाच प्रेरणांतून रुजली. दिगंबर बांधवांकडे दशलक्षण पर्वात बाहेरून विद्वानांना बोलाविण्याची प्रथा आहे, तिचा हेतूही हाच.

म्हणजे ग्रंथ आहेत, व्रते आहेत, प्रथाही आहे. मग जाणारा तरुण का मिळत नाही? आपली मुले कष्टाला कचरतात, मोबाईल सोडत नाहीत, दूर राहू शकत नाहीत, असे कारण बैठकीत कोणीतरी नेहमी देतो. ते खरे नाही आणि याचा पुरावा आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

लातूरच्या ट्यूशन एरियात पहाटे एक चक्कर मारावी. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून ज्याची ख्याती झाली त्या 'लातूर पॅटर्न'च्या आकर्षणाने आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली पाठीवर दप्तर घेऊन अंधारात निघालेली दिसतात. आता नांदेडातही तेच दृश्य आहे. दोन वर्षे घर नाही, सण नाही, लग्नकार्य नाही. मोबाईल वसतिगृहाच्या कपाटात. मेसचे जेवण, अनोळखी खोलीसोबती, पहाटे पाचचा गजर आणि रात्री अकरापर्यंत अभ्यास. आईला भेटणे महिन्यातून एकदा. पैसे आपणच भरतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. त्या दोन परदेशी मुलांच्या दिनचर्येशी ही दिनचर्या ताडून पाहावी. दोन्हीकडे वय तेच, मुदत तीच आणि कठोरपणाही तोच. आपली मुले दोन वर्षांचे वैराग्य पाळू शकतात हे लातूरने सिद्ध केले आहे. आपण ते त्यांच्याकडून नीटच्या गुणांसाठी मागतो. धर्मासाठी आठ दिवस मागताना मात्र आपली जीभ अडखळते.

हे मी इतरांना उद्देशून लिहीत नाही. माझी स्वतःची जीभ कशी अडखळली ते आता सांगतो.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू लातूरला दोन वर्षे नीटची तयारी करीत होता. परीक्षा झाली, निकाल लागला, गुण कमी पडले. मुलगा नांदेडला परतला आणि मुका झाल्यासारखा वडिलांच्या आडतीच्या दुकानात एका कोपऱ्यात बसू लागला. घराने पुन्हा एक वर्ष रिपीटर बॅचला घालण्याचे ठरविले. त्याच सुमारास नांदेड-लातूर रस्त्यावरील एका लहान गावाचे पत्र संघाकडे आले. हा मुलगा लहानपणी पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा दिलेला, प्रतिक्रमण संपूर्ण पाठ असलेला. पत्राविषयी त्याच्या कानावर गेले आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच तो आपण होऊन बोलला. वडिलांना म्हणाला, "मी जाऊ का?"

पुतण्या माझ्याकडे आला. "काकाजी, तुम्ही सांगाल तसे करू. आठ दिवसांचे वर्ग बुडतील. तिकडे दर रविवारी चाचणी असते."

मी अमेरिकेहून परतून वर्षही झाले नव्हते. त्या दोन मुलांची गोष्ट मी तोवर स्थानकात, लग्नसमारंभात, रेल्वेच्या डब्यात, भेटेल त्याला सांगत होतो. तरी मी हिशेब मांडला. भरलेली फी, मागे पडलेले गुण, पुढे उरलेले महिने. आणि म्हणालो, "यंदा नको. एकदा प्रवेश मिळू दे, मग आयुष्य पडले आहे धर्माला." मुलगा दाराशी उभा होता. त्याने मान हलविली आणि आत गेला. सूनबाई एवढेच म्हणाल्या, "काकाजी, तो स्वतःहून बोलला होता हो."

त्या वर्षी त्या गावाला स्वाध्यायी मिळाला नाही. पुढे एका लग्नात तेथील एक वृद्ध श्रावक मला भेटले. मी न विचारताच त्यांनी त्या पर्युषणाची हकीकत सांगितली. मोबाईलवर कोण्या महाराजसाहेबांचे अंतगडवाचन लावून सगळे बसत. चौथ्या दिवशी नेटवर्क गेले. मग तासभर सर्वांनी मिळून नवकार म्हटला आणि घरी गेले. ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. नवकारही पुरेसाच आहे, असेच म्हणत होते. मी त्यांना सांगू शकलो नाही की, तुमच्याकडे येण्यास एक मुलगा तयार होता आणि त्याला मी अडविले.

अंतगड सूत्राच्या आठ वर्गांत नव्वद जीवांच्या मुक्तीच्या कथा आहेत. त्यांतील सहाव्या वर्गात अतिमुक्तकुमार येतो. खेळता खेळता त्याने गौतमस्वामींचे बोट धरले आणि त्यांना गोचरीसाठी आपल्या घरी नेले. तू लहान आहेस, तुला धर्मातले काय कळते, असे आईवडील त्याला म्हणतात. मरण निश्चित आहे एवढे मला कळते, ते केव्हा येईल हे मात्र कळत नाही, अशा आशयाचे उत्तर तो मुलगा देतो. ही कथा मी लहानपणापासून दर पर्युषणात ऐकत आलो. "मग आयुष्य पडले आहे" हे माझे शब्द त्या कथेतील आईवडिलांच्या शब्दांहून वेगळे नव्हते, हे ध्यानात यायला मला सहासष्ट वर्षे लागली.

मुलाला दुसऱ्या प्रयत्नातही वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही. ते आठ दिवस वाचवून आम्ही काय मिळविले, हा हिशेब मी अद्याप पूर्ण करू शकलेलो नाही. तो आता नांदेडलाच फार्मसीचे शिक्षण घेतो आहे आणि बरा आहे.

यंदा त्याच गावाचे पत्र पुन्हा आले आहे. मी ते घेऊन पुतण्याच्या घरी गेलो आणि मुलासमोर ठेवले. त्याने वाचले. म्हणाला, "दादाजी, एकटा कसा जाऊ? सोबत कोण आहे?" तेव्हा मला अमेरिकेतील आणखी एक गोष्ट आठवली. त्या पंथात सेवानिवृत्त पती-पत्नीही स्वखर्चाने प्रचारकार्याला निघतात. पेन्शन घेणाऱ्या माणसाला घरी थांबण्याचे कारण उरलेले नसते. मी म्हणालो, "सोबत मी येतो."

त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. "तुम्हाला प्रतिक्रमण पाठ आहे?"

पाठ नव्हते. आयुष्यभर मी मागच्या रांगेत बसून इतरांच्या मागोमाग पुटपुटत आलो आहे. आता रोज सकाळी तो महाविद्यालयात जाण्यापूर्वी माझी तयारी करून घेतो. अतिचारांच्या पाठात मी नेमका एकाच ठिकाणी अडखळतो. तो पुस्तक मिटवितो आणि म्हणतो, "पुन्हा पहिल्यापासून." खातेदारांना रांगेत उभे करणाऱ्या माणसाला हे दिवस पाहावे लागतील असे वाटले नव्हते, पण सांगतो, यात आनंद आहे.

व्यापारी बंधूंनी पंचांग पुढे घेऊन पाहावे. पर्युषण येते ते सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी, बाजार थंड असताना. दुकानातला एक तरुण आठ दिवस मोकळा करणे अशक्य नाही. प्रतिक्रमण येत नसेल तर शिकण्यास अजून काही आठवडे आहेत. सोबत घरातील एका निवृत्त माणसाला पाठवावे. त्या गावातील दहा-बारा घरांना किती लाभ होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित त्या चौदा महिन्यांच्या दोन माणसांइतकाच होईल. पण आपल्या घरून गेलेला मुलगा आठ दिवस पाटावर बसून अंतगड वाचेल, वृद्धांच्या प्रश्नांना उत्तरे शोधील, न आलेले उत्तर रात्री जागून ग्रंथात पाहील आणि मग घरी परतेल. आपल्या संघाच्या मंत्र्यांकडे दोन नावे लिहून देण्यास एक कागद पुरतो.

आमची पिशवी भरून तयार आहे. दोन जोड साधे कपडे, आसन, मुखवस्त्रिका, पुंजणी आणि अंतगड सूत्राची जुनी प्रत. परवा त्याने विचारले, "दादाजी, तिथे सकाळी किती वाजता उठायचे?" मी म्हणालो, "तू सांगशील तेव्हा." तो म्हणाला, "साडेचार. हाका मारणार नाही मी."

या लेखात माझ्या हातून कोणाच्या श्रद्धेची आशातना झाली असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.